मदत हवी आहे: आगगाडीच्या थीमचा वाढदिवस, खोक्यांचे डबे कोलमडतायत

चौकटराणी: रविवारी लेकाचा वाढदिवस आहे, घरीच, चौदा-पंधरा मुलं येतील. थीम आगगाडी. खोक्यांचे सहा डबे केलेत, मुलांनी पट्ट्यांनी खांद्याला अडकवून फिरायचं. परवा रंग दिला. आज सकाळी बघते तर चार डबे पोटात झुकलेत, कडा बाहेर वळल्यात, एकाचा कोपरा बोटानं दाबला तरी आत जातोय. सगळं नव्यानं करायला वेळ नाही. काय करू? केकचं इंजिन घरी जमेल का, तेही सांगा. प्लीज लवकर!

पुठ्ठा_आणि_खळ: खोकी तीन पदरी की पाच पदरी? रंग कुठला, किती पातळ केला? आतून रंगवलं का? मुलांचं वय काय?

गार्डाचा_डबा: आणि डब्यांचा रंग कोणता? निळा दिला असेल तर इंजिन वाफेचं नको. वाफेच्या इंजिनामागे विटकरी डबे शोभतात, निळे नंतर आले. निमंत्रणाला जुन्या जाड तिकिटाचा आकार द्या, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीला १४ डबे होते, तेही छापता येईल.

चौकटराणी: रंग निळाच आहे आणि तोच राहणार. पोस्टर कलर, पाणी घालून, फक्त बाहेरून. खोकी किराणा दुकानातली, पदर मोजले नाहीत. लेक चार वर्षांचा होतोय. डबे हॉलमध्येच वाळत ठेवले होते.

पुठ्ठा_आणि_खळ: हॉलमध्ये कूलर आहे का?

चौकटराणी: नागपूर, एप्रिल. कूलर दिवसरात्र चालूच असणार ना!

पुठ्ठा_आणि_खळ: मग कारण तेच आहे. बाहेरून पातळ रंग लागला, एक बाजू ओली होऊन फुगली आणि वाळताना आकसली, म्हणून कडा बाहेर वळल्या. त्यात कूलरची दमट हवा, पुठ्ठा पुरता वाळलाच नाही. आधी डबे कूलर नसलेल्या खोलीत पंख्याखाली न्या. उन्हात ठेवू नका, एकच बाजू भराभर आकसून आणखी वाकडे होतील.

पूर्ण वाळले की जाड पुठ्ठ्याच्या दोन इंची पट्ट्या कापा, डब्याच्या उंचीइतक्या. मध्ये घडी घालून काटकोन करा आणि आतून चारही कोपऱ्यांत फेव्हिकॉलनं बसवा. पट्टीतल्या नळ्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराच्या रेघा, उभ्याच हव्यात. आडव्या असल्या तर भार आला की पट्टी नळीवरच मुडपते. कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवा. वरची झाकणं कापली नसतील तर आत दुमडून चिकटवा, कड दुप्पट जाड होते. आणखी रंग नको. ओरखडे घोटीव कागदानं झाका, दुहेरी टेप लावून.

खिडकीपाशी: डबे एकमेकांना दोरीनं बांधू नका. एक पोर पडलं की मागची सगळी त्याच्यावर. बारीक वेल्क्रोचा तुकडा लावा, ओढ बसली की सुटतो. चार वर्षांच्या मुलांना २५ सेंटीमीटरपेक्षा उंच डबा गुडघ्यांना लागतो.

धूरधूर: इंजिनातून धूर काढायचा असेल तर ड्राय आइस आणा. गरम पाण्यात दोन-तीन तुकडे, मस्त दिसतं.

खिडकीपाशी: अजिबात नको. उणे ७८ अंशांचा बर्फ, हात लागला तर कातडी भाजते. आणि तो धूर जमिनीलगत पसरतो, मुलांच्या उंचीवर. दारं-खिडक्या बंद असल्या तर त्यातला कार्बन डायऑक्साइड साठतो.

धूरधूर: उंच टेबलावर ठेवून मोठ्या माणसानं हाताळला तर काय अडचण?

खिडकीपाशी: चौथ्या वर्षी मूल टेबलक्लॉथ ओढतं, ही अडचण. धुराड्याला पिंजलेला कापूस चिकटवा, तोही मेणबत्तीपासून लांब. गॅसचे फुगेही नकोत, त्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो, ज्योतीजवळ भडकतो. हवेचेच फुगवा आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, घशात अडकतात.

औक्षणवाली: मेणबत्ती हवीच कशाला? पाटावर बसवून औक्षण करा, पाच मिनिटांत होतं. निरांजन मात्र कूलर बंद करून लावा.

ओव्हनपाशी: केकचं घ्या. चौदा-पंधरा मुलांना दीड किलो पुरे, एक किलोचे दहा-बारा तुकडे पडतात. लांबट साच्यातला केक तळाला, त्यावर आडवा जॅम रोल म्हणजे बॉयलर. मागे केकचा चौकोनी तुकडा, ती ड्रायव्हरची केबिन. धुराड्याला उभा क्रीमरोल. चाकं क्रीमच्या बिस्किटांची, पण ती कापायच्या दहा मिनिटं आधी लावा. आधी लावलीत तर क्रीमनं मऊ पडून गळतात. रोलखाली घट्ट गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) थर हवा, नाहीतर तो घरंगळतो. फाँडंट, म्हणजे साखरेच्या लगद्याचं आवरण, टाळा, कूलरच्या हवेत चिकट होतो.

धूरधूर: धुराड्याला मार्शमेलो सोपे.

ओव्हनपाशी: बहुतेक मार्शमेलोत जिलेटिन असतं, पाहुण्यांत शाकाहारी घरं असतील तर आधी विचारा.

गार्डाचा_डबा: घरी कशाला? मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय नागपुरातच आहे, खरी इंजिनं बघतील पोरं.

चौकटराणी: घरीच करायचं आहे, पहिल्याच ओळीत लिहिलंय. डबे आतल्या खोलीत नेलेत, पट्ट्या रात्री लावते. पार्टी चारला आहे.

खिडकीपाशी: सहाला घ्या. चारच्या उन्हात मुलं तापून येतील. दीड-दोन तासच ठेवा. आणि चौदा-पंधरा मुलं, डबे सहा?

चौकटराणी: मुलं चौदा, हो. तेच विचारायचं राहिलं.

खिडकीपाशी: नवे डबे करत बसू नका. एका फेरीत सहा जण, फेरी तीन मिनिटांची. दोघांकडे हिरवा-लाल झेंडा, एकाला सिग्नल, एकाला टीसी करून कागदाला भोक पाडायचं पंच द्या, त्याच्याशेजारी मोठं माणूस उभं ठेवा. उरलेले चार फलाटावर तिकीट घेऊन. तिकिटांवर १ ते १४ आकडे घाला, पुढच्या फेरीला पुढचे सहा. इंजिनावरून भांडणं होतात, म्हणून पहिली फेरी वाढदिवसाच्या मुलाची, नंतर त्या फेरीतल्या सर्वांत लहान आकड्याची.

गार्डाचा_डबा: फलाटावर पिवळी पाटी, काळी अक्षरं. लेकाचं नाव मराठी, हिंदी, इंग्रजीत, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणून त्याचीच उंची सेंटीमीटरमध्ये लिहा.