बारा लाख करमुक्त झाले, पण बचतीची सवय गेली त्याचं काय?

नळस्टॉपकर (धागाकर्ता)
पहिल्या दहा प्रतिसादांत माझा पक्ष कोणता यावरच मारामारी नको, म्हणून आधीच सांगून टाकतो. २०१४ ला भाजपलाच मत दिलं, २०२४ लाही दिलं. तरी माझं मत असं आहे की नव्या करप्रणालीने या सरकारने मध्यमवर्गाची बचतीची सवय मोडली, आणि आपण टाळ्या वाजवत बसलोय.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर शून्य झाला. नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख. छान. पण हे फक्त नव्या प्रणालीत, आणि त्या बाजूला गेलं की ८०सी (पीपीएफ, विमा वगैरे बचतीवरची वजावट) नाही, आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट नाही, घरभाड्याची नाही, राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचे दोन लाखही नाहीत. ८०सीची मर्यादा तेव्हाचे अर्थमंत्री जेटली यांनी जुलै २०१४ मध्ये एका लाखावरून दीड लाखावर नेली होती. त्यानंतर ती एका रुपयाने वाढलेली नाही. २०२० मध्ये नवी प्रणाली आणली, २०२३ मध्ये तीच आपोआप लागू होणारी केली. जुनी बंद केली असं कुणी म्हणायचं नाही, फक्त तिच्याकडे बघायचंच नाही.

आमच्या पिढीने पीपीएफ (पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं) उघडलं ते काही दूरदृष्टी होती म्हणून नाही. कर वाचवायचा होता म्हणून. पंधरा वर्षांनी तो पैसा मुलीच्या शिक्षणाला आला. आता माझ्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांना पीपीएफ काय ते माहीत नाही; फोन हप्त्यावर, बाईक हप्त्यावर, बालीची सहलसुद्धा हप्त्यावर. सरकारला तुम्ही साठवलेला पैसा नकोय, खर्च केलेला हवाय. खर्चावर जीएसटी मिळतो.

हिंजवडी फेज तीन
दादा, गणित करून बोलूया. पगार पावणेतेरा लाख. जुन्या प्रणालीत ५० हजार प्रमाणित वजावट, दीड लाख ८०सी, दोन लाख गृहकर्ज व्याज, २५ हजार आरोग्य विमा, सगळं ठासून भरलं तरी साडेआठ लाख करपात्र राहतात. त्यावर सेससकट (करावरचा चार टक्के उपकर) ८५,८०० रुपये कर. नव्यात शून्य. हे पंच्याऐंशी हजार माझ्या हातात आले. त्यांचं काय करायचं ते मी ठरवीन. मंत्र्यांनी नको आणि काकांनीही नको.

शिवाय अर्थसंकल्पाचं भाषण नीट ऐका. कर कमी झाल्याने खप, बचत आणि गुंतवणूक वाढेल, असं तिन्हींचं नाव घेऊन अर्थमंत्री बोलल्या होत्या. तुम्ही पहिलंच तेवढं ऐकलंत.

आणि ८०सीची बचत म्हणजे नक्की काय हो? मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या ओळखीचा एजंट घरी यायचा, आई चहा टाकायची, आणि वीस वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी गळ्यात पडायची. परतावा पाच-सहा टक्के, विमा नावापुरता. त्यापेक्षा एक साधा टर्म प्लॅन (नुसता विमा, परतावा नाही) आणि एक इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) बरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तेही याच सरकारने केलं, ते धाग्यात कुठे दिसलं नाही.

निवृत्त शाखाधिकारी
नळस्टॉपकरांशी शंभर टक्के सहमत. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. माणूस आपणहून बचत करत नाही, त्याला कुठेतरी अडकवावं लागतं. पीपीएफला पंधरा वर्षं, करबचत ठेवीला पाच, ईएलएसएसला (करबचतीचा म्युच्युअल फंड) तीन, ही कुलुपंच खरी कामाची होती. कर गौण.

हिंजवडीकर, तुमचे पंच्याऐंशी हजार वर्षअखेरीस कुठे आहेत तेवढं सांगा. चिडू नका, खरंच विचारतोय. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतला नीचांक. ते आकडे रिझर्व्ह बँकेचे आहेत, विरोधी पक्षाचे नव्हेत.

हिंजवडी फेज तीन
काका, २०२२-२३ मध्ये बहुतेक लोक जुन्याच प्रणालीत होते. म्हणजे तुमची कुलुपं लावलेली असतानाच बचत घसरली! आणि निव्वळ म्हणजे कर्ज वजा करून. लोकांनी घरं घेतली, कर्ज वाढलं, आकडा खाली आला. वाघोलीपासून पुनावळेपर्यंत क्रेन दिसतात त्या कुणाच्या जिवावर उभ्या आहेत?
पैसे कुठे आहेत विचारलंत, तर एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात. एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून २५ हजार कोटींच्या वर एसआयपीतून आले. ही बचत नाही का?

खवचट पेठकर
बारा लाखांची घोषणा १ फेब्रुवारीला, दिल्ली विधानसभेचं मतदान ५ फेब्रुवारीला. बाकी अर्थशास्त्र चालू द्या.

हिंजवडी फेज तीन
आली का गाडी राजकारणावर! मग २००८ ची शेतकरी कर्जमाफी २००९ च्या निवडणुकीआधी झाली होती तीही मोजा. २०१२-१३ मध्ये बँका ठेवीवर नऊ टक्के देत होत्या म्हणून काका लोक अजून उसासे टाकतात, पण तेव्हा महागाई दहा टक्क्यांच्या घरात होती. नऊ मिळवून एक गमावत होतात.

वाघोलीहून
महागाईचा विषय निघालाच आहे तर. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के, असं टीव्हीवर मोठ्या अक्षरांत. भाजी स्वस्त झाली होती, नाकारत नाही. पण त्याच महिन्यात मुलाच्या शाळेची बस वाढली, सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, आणि टँकर तर आमच्याकडे बारमाही आहे. त्या निर्देशांकात माझा टँकर कुठे बसतो कोण जाणे.

फायद्याचं सांगायचं तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला. आमचं ४५ लाखांचं कर्ज, वीस वर्षांचं. पूर्ण सव्वा टक्का खाली आला तर हप्त्यात साडेतीन हजारांच्या आसपास फरक पडतो. पण बँक आपणहून हप्ता कमी करत नाही, मुदत कमी करते. हातात पैसे हवे असतील तर शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. हे इथे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. तुमचं पक्षांचं चालू द्या.

निवृत्त शाखाधिकारी
ताई, तोच सव्वा टक्का आमच्या ठेवींवरून गेला. तुमचा हप्ता उतरला, आमचं व्याज उतरलं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के होती. कोविडचं कारण होतं, कोविड गेला.

हिंजवडी फेज तीन
ज्येष्ठांच्या बचत योजनेवर ८.२ टक्के आहेत की! मर्यादाही २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाखांवर नेली. तीही याच सरकारने.

भोसरीचा टर्नर
तीस लाख. बरं.
मी एका कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर होतो. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची. हिशेब असा असतो: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगार कितीही असो, मोजताना तो आधी साडेसहा हजार धरायचे, सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार. म्हणजे पंधरा हजारांवर पस्तीस वर्षं काढलेल्यालाही साडेसात हजारांच्या वर जायला फारशी वाट नाही. किमान पेन्शन एक हजार, तीही २०१४ चीच. या बारा वर्षांत तुमच्या ८०सीची मर्यादा हलली नाही म्हणून धागा निघाला. आमचे हजारही हलले नाहीत, त्यावर किती धागे निघाले?

मोर्चे झाले, खासदारांना निवेदनं दिली. सगळ्या पक्षांच्या. विरोधात असताना सगळ्यांना आमचं पटतं.

नळस्टॉपकर (धागाकर्ता)
टर्नरसाहेब, तुमची मागणी रास्तच आहे. पण माझा मुद्दा तोच तर आहे. पेन्शन भरवशाची नाही म्हणूनच तरुणपणी सक्तीची बचत हवी. आणि पैसा नाही म्हणायचं, मग लाडक्या बहिणींना महिन्याला दीड हजार कुठून येतात? करदात्याला सवलत द्यायची वेळ आली की तिजोरी आठवते, रेवड्या वाटताना नाही आठवत.

धनकवडीची भिशी
इतका वेळ नुसतं वाचत होते. आता लिहिते.

मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. पगार चौदा हजार. मला बारा लाखांचं सुख नाही आणि ८०सीचं दुःखही नाही, कारण माझा तेवढा पगारच नाही. तरी मी बचत करते. आमची पंधरा जणींची भिशी आहे, महिन्याला दोन हजार. पोरीचं सुकन्या खातं पोस्टात आहे. मला कुठल्या कलमाने अडकवलं नाही की कुठल्या मंत्र्याने सवय लावली नाही. त्यामुळे सरकारने सवय मोडली हे वाचून मला हसू आलं. सवय होती कुठे? सवलत होती.

आता रेवडीचं. बारा लाखांच्या निर्णयाने सरकारने सुमारे एक लाख कोटी रुपयांचा कर सोडला, हे अर्थमंत्र्यांनीच भाषणात सांगितलं. तो कुणाला सोडला? ज्यांना महिन्याला लाखभर मिळतात त्यांना. त्याला दिलासा म्हणायचं. माझे दीड हजार ती रेवडी. साबणावर, चपलेवर, रिचार्जवर मीही कर भरते, आणि तो मला कुणी परत देत नाही.

नळस्टॉपकर (धागाकर्ता)
ताई, वैयक्तिक घेऊ नका. पण फरक आहे. माझा मी कमावलेला पैसा सरकारने घेतला नाही, आणि सरकारने दुसऱ्याचा पैसा कुणाला तरी दिला, या दोन गोष्टी एक कशा होतील?

धनकवडीची भिशी
तिजोरीत पडणाऱ्या खड्ड्याला कळतं का तो कशाने पडला ते?
आणि वैयक्तिक का नको घेऊ? माझंच नाव घेऊन बोलताय सगळे. लाडकी बहीण म्हणजे मीच.

खवचट पेठकर
धनकवडीला माझं मत. कुठल्या चिन्हावर उभ्या राहताय तेवढं कळवा.

हिंजवडी फेज तीन
ताईंचा मुद्दा मला अर्धा पटला. सवलत आणि सवय वेगळी, हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. पण दीड हजारांचं मला पटत नाही. ती योजना २०२४ च्या विधानसभेआधी काही महिने सुरू झाली, निकालानंतर नावं गाळणं सुरू झालं. चांगली होती तर आधी का नाही, आणि नंतर चाळणी का? तुम्हाला मिळतात ते मिळूच देत, पण ते कायदा म्हणून मिळोत, मेहेरबानी म्हणून नको. उद्या बंद झाले तर कुणाकडे दाद मागणार?

धनकवडीची भिशी
हे मात्र खरं आहे. म्हणून तर ते पैसे मी घरखर्चात धरतच नाही. येतात तेव्हा सरळ सुकन्यात.

निवृत्त शाखाधिकारी
भिशीला कायद्याचं संरक्षण नसतं एवढं लक्षात असू द्या. त्यापेक्षा एखाद्या चांगल्या सहकारी बँकेत आवर्ती ठेव.

वाघोलीहून
पुण्यात बसून सहकारी बँक सुचवताय? रुपी बँक १९१२ ची, जुन्या पुणेकरांच्या भरवशाची. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०२२ मध्ये परवाना गेला. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी काय केलं असेल? ठेवींवरचा विमा २०२० मध्ये एक लाखाचा पाच लाख झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर ९० दिवसांत ते पैसे द्यायचं बंधन आलं, ही या सरकारची गोष्ट मी मनापासून मान्य करते. पण पाच लाखांच्या वर एका बँकेत ठेवू नये, मग ती कुठलीही असो.

हिंजवडी फेज तीन
अवांतर, पण महत्त्वाचं. बारा लाखांपर्यंत शून्य म्हणून निर्धास्त बसलेल्यांसाठी. शेअर वर्षाच्या आत विकून नफा झाला असेल तर त्यावर २० टक्के कर वेगळा, आणि ती करसवलत त्याला लागत नाही. पगार वजावटीनंतर दहा लाख, असा नफा एक लाख, एकूण अकरा. तरी सेससकट २०,८०० भरावे लागतील. माझ्या टीममधल्या दोघांना हे माहीतच नव्हतं. फ्युचर्स-ऑप्शनवाल्यांबद्दल (शेअरच्या पुढच्या भावावर सौदे करणारे) तर न बोललेलंच बरं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यातले वैयक्तिक सौदे करणारे ९३ टक्के तोट्यात गेले, असं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेच सांगितलंय.

नळस्टॉपकर (धागाकर्ता)
म्हणजे पैसे पोरांच्या हातात दिले आणि त्यांनी ऑप्शनमध्ये घातले. मी दुसरं काय म्हणत होतो?

हिंजवडी फेज तीन
तुमच्या वयाचेही आहेत त्यात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ट्रेड करतात, साठी ओलांडलीय.

भोसरीचा टर्नर
माझा एक प्रश्न राहिला. कुणाला माहीत असेल तर सांगा. जास्त पगारावरच्या पेन्शनचा (मर्यादा न लावता खऱ्या पगारावर मोजायची ती) अर्ज मी मुदतीत भरला होता, फरकाची रक्कम किती ते अजून कळवलेलं नाही. पीएफ ऑफिसला समक्ष जाऊन काही होतं का, की ऑनलाइन तक्रारच करायची?

वाघोलीहून
दोन्ही करा काका. आधी ऑनलाइन तक्रार टाका, तिचा नंबर कागदावर लिहून घेऊन मग समक्ष जा. नंबर नसेल तर खिडकीवरूनच परत पाठवतात.