अभ्यासवर्गाला चाळीस जण येतात, पण वेळ आली की कुणी पुढे होत नाही. काय चुकतंय?

पाळीबदल यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या युनियनची नवी कार्यकारिणी निवडून आली आणि प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे दिलं गेलं. मी एकोणीस वर्षं मशीनवर काम केलंय. शिकवण्याचा अनुभव शून्य.

तीन महिन्यांत दोन वर्ग घेतले. पहिल्यात एक वकील कायद्यावर सव्वादोन तास बोलले. दुसऱ्यात आमच्या सरचिटणीसांनी युनियनचा इतिहास सांगितला. दोन्ही वेळा चाळीसेक माणसं होती. वह्या वाटल्या होत्या, लोकांनी मनापासून लिहून घेतलं. मला वाटलं, काम मार्गी लागलं.

गेल्या आठवड्यात पॅकिंगमधल्या एका मुलाला सुपरवायझरनं केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुलाशाच्या कागदावर त्याची सही घेतली. आमचा खातेप्रतिनिधी दहा पावलांवर उभा होता. दोन्ही वर्गांना पहिल्या रांगेत बसलेला माणूस. तो आत गेला नाही. मी संध्याकाळी विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मला कलम आठवेना."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. तो भित्रा नाही, कामचुकार तर मुळीच नाही. म्हणजे वर्गातच काहीतरी चुकतंय. कुणाला निवडायचं, काय शिकवायचं, किती जणांना एका वेळी बसवायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा. आणखी एक अडचण म्हणजे व्यवस्थापन वर्गासाठी सुट्टी देत नाही आणि पाळी संपल्यावर बायका थांबू शकत नाहीत.

जुना सभासद यांचं उत्तर:

कायदा शिकवणं सोडू नका एवढंच सांगेन. पण सव्वादोन तास नको. प्रतिनिधीच्या खिशात मावेल असा एकच कागद करा. बोलावणं आलं तर काय विचारायचं, सही मागितली तर काय म्हणायचं, मुदत किती, कुणाला फोन करायचा. कलमांचे आकडे कागदाच्या मागच्या बाजूला. आम्ही असाच कागद केला होता आणि लोक तो खरंच जवळ ठेवायचे.

वही-पेन यांचं उत्तर:

दादा, तुमचा प्रतिनिधी काय म्हणाला ते वाचून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. मी आधी शिलाईच्या लाइनवर होते, आता बावीस वर्षं संघटनेचं काम करते. माझं मत स्पष्ट सांगते. त्याला कलम आठवलं असतं तरी तो आत गेला नसता. त्यानं ते दार आयुष्यात कधी उघडलेलंच नव्हतं. ऐकलेली गोष्ट आणि हातून झालेली गोष्ट यांच्यात केबिनच्या दाराएवढं अंतर असतं, आणि ते वहीत लिहून कमी होत नाही.

म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवशी भाषण नसतं. एक टेबल, तीन खुर्च्या. एक जण सुपरवायझर होतो, एक कामगार, एक प्रतिनिधी. सुपरवायझरचं काम अशा माणसाला द्या ज्यानं स्वतः कधी बोलणी खाल्लीत. तो अगदी हुबेहूब बोलतो, कारण ते शब्द त्याला पाठ असतात. आमच्याकडे एक बाई प्रतिनिधी झाल्या होत्या, अतिशय अबोल. पहिल्या वेळी त्या दाराशीच उभ्या राहून "साहेब, जरा" म्हणाल्या आणि सुपरवायझर झालेल्या मुलानं त्यांना "नंतर या" म्हणून घालवलं. दुसऱ्या वेळी आत आल्या, पण उभ्याच राहिल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, वही उघडली, तारीख आणि वेळ लिहिली आणि मग मान वर करून विचारलं, "ही बैठक कशासंबंधी आहे?" सुपरवायझर झालेला मुलगा खरोखर गप्प झाला. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. त्यात एकही कलम नव्हतं.

तिथून पुढे कायदा शिकवा. मग लोक स्वतःच विचारतात, की त्यांनी मला बाहेर काढलं तर? सही करणार नाही म्हटलं तर? प्रश्न त्यांच्या तोंडून आला की उत्तर लक्षात राहतं.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक युनियन विसरतात. वर्ग फक्त प्रतिनिधींचा घेऊन भागत नाही. अमेरिकेत १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं वाइनगार्टन खटल्यात निकाल दिला, की ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकते असं कामगाराला रास्तपणे वाटतं, त्या चौकशीत त्याला युनियनचा प्रतिनिधी सोबत मागता येतो. पण मागायचं त्यानं स्वतः. मालकानं आपणहून आठवण करून द्यावी असं बंधन त्यात नाही. म्हणजे ज्याला मागायचं माहीत नाही, त्याला तो हक्क कागदावरच राहतो. प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत, तुमच्याकडचा नेमका नियम वकिलांकडून समजून घ्या. पण तुमच्या पॅकिंगमधल्या मुलाला "माझ्या प्रतिनिधीला बोलवा, मग बोलू" हे वाक्य कुणी म्हणायला लावलं होतं का? माझ्या अंदाजानं नाही. ते वाक्य प्रत्येक सभासदाच्या तोंडात बसलं पाहिजे, मोठ्यानं म्हणून म्हणून.

आता कुणाला निवडायचं. जो सभेत छान बोलतो त्याला आपण लगेच पुढारी समजतो. मीही वर्षानुवर्षं हीच चूक केली. आता मी आधी खात्याचा नकाशा काढते. मोठा कागद, त्यावर प्रत्येक मशीन, प्रत्येक टेबल आणि प्रत्येकाचं नाव. मग लोकांना एकेकटं गाठून विचारते, की पाळी बदलून हवी असेल, सुपरवायझरशी खटका उडाला, घरी अडचण आली, तर तुम्ही आधी कुणाशी बोलता? येतील ती नावं नकाशावर बाणानं जोडते. एका खात्यात सगळे बाण एका फिटरकडे जात होते. तो कधीही सभेला आलेला नव्हता, उलट युनियनवर नाराज होता, कारण त्याची जुनी तक्रार आमच्याच कपाटात पडून राहिली होती. मी आधी ती तक्रार काढली, त्याच्यासमोर बसून वाचली, माफी मागितली. मग त्याला एक छोटं काम दिलं. पंख्यांच्या अर्जावर त्याच्या लाइनीतल्या बारा जणांच्या सह्या. दोन दिवसांत अकरा आणल्या आणि बारावी का मिळाली नाही तेही सांगितलं, कारण त्या माणसाची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मला हवा होता तो माणूस हाच.

चाळीस जण एका वेळी फार झाले. स्वीडनमध्ये कामगारांची शिक्षण संघटना १९१२ साली सुरू झाली, तिचा सगळा पाया छोट्या अभ्यासमंडळांवर आहे. मूठभर माणसं, गोल बसलेली, व्याख्याता नाही, त्यांच्यातलाच एक जण चर्चा पुढे नेतो. मी आठ ते दहाच्या वर जात नाही. दहा जणांत गप्प बसणाऱ्याकडे आपलं लक्ष जातं. चाळिसांत तो मजेत लपतो, आणि तुम्हाला वाटतं वर्ग भरला.

आणि विषय बाहेरून आणू नका. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात १९२१ ते १९३८ या काळात कामगार बायकांसाठी उन्हाळी शाळा चालायची. तिथे कारखान्यांतून आलेल्या बायका स्वतःच्या कामाच्या हकिकती लिहायच्या आणि अर्थशास्त्राची चर्चा त्या हकिकतींना धरून व्हायची. मी हेच पगारचिठ्ठीवर करते. प्रत्येकीनं स्वतःची चिठ्ठी आणायची, जादा तासांचा हिशोब स्वतः मांडायचा. एकदा तीन जणी शेजारी बसल्या होत्या, काम एकच, तास तेवढेच, आणि तिघींचे जादा कामाचे आकडे वेगवेगळे. एकीनं बोट ठेवून रकाना मोजला, मग दुसरीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. मी काहीच बोलले नाही. पुढच्या सोमवारी त्या तिघी स्वतः हिशोब विभागात गेल्या. मी सोबत नव्हते, आणि त्यांना माझी गरजही पडली नाही.

न बोलणं सगळ्यात अवघड. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९३२ साली हायलँडर नावाची शाळा सुरू झाली, मायल्स हॉर्टन तिच्या संस्थापकांपैकी एक. युनियनचे कितीतरी कार्यकर्ते तिथे तयार झाले, आणि १९५५ च्या उन्हाळ्यात, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देण्याच्या काही महिने आधी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या रोझा पार्क्सही तिथल्या कार्यशाळेला गेल्या होत्या. हॉर्टन एका संपाची आठवण सांगत. संपसमितीचे लोक अडचणीत आले होते आणि आता काय करायचं ते तू सांग म्हणून त्यांच्या मागे लागले होते. त्यांनी नकार दिला. निर्णय तुमचा आहे, तुम्हीच घ्यायला हवा, म्हणाले. शेवटी एकानं पिस्तूल काढलं आणि सांगितलं नाहीस तर गोळी घालीन म्हणाला. तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. मला पिस्तुलाला कधी तोंड द्यावं लागलं नाही, पण समोरची माणसं "ताई, तुम्हीच सांगा ना" म्हणतात तेव्हा गप्प राहणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. कित्येक वर्षं मी गप्प राहिले नाही. सगळ्या बैठकींत मीच बोलायचे. मग एकदा आजारपणात चार महिने घरी होते. परत आले तर त्या चार महिन्यांत एकही तक्रार लिहिली गेली नव्हती. लोकांवर अन्याय थांबला नव्हता, लिहिणारी घरी होती. त्या दिवसापासून मी बैठकीत मागे बसते.

तुमचे सरचिटणीस इतिहास सांगतात ते चांगलंच आहे, त्यांना थांबवू नका. पण ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजची गोष्टही त्यांना सांगायला सांगा. १८९९ मध्ये कामगारांसाठी सुरू झालेलं कॉलेज, आणि १९०९ मध्ये तिथल्या कामगार विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. काय शिकवायचं यावर वाद होता, प्राचार्यांना काढून टाकलं होतं. त्यातून त्यांनी स्वतःचं वेगळं कामगार कॉलेज उभं केलं. तुमच्या सभासदांनी कधी "हे नको, ते शिकवा" म्हणून हट्ट धरला तर वाईट वाटून घेऊ नका. वर्ग रुजल्याची ती खूण असते.

हिशोबनीस यांचं उत्तर:

वही-पेन ताईंशी सहमत. मी सुट्टीच्या प्रश्नावर लिहितो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेचा करार केला, क्रमांक १४०. त्यात कामगार संघटनेच्या शिक्षणासाठीच्या रजेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी १९७१ चा करार क्रमांक १३५, तो प्रतिनिधींना संरक्षण आणि कामासाठी सवलती देण्याबद्दल. आपल्या देशानं मान्यता दिली असेल तरच हे बंधनकारक, पण मान्यता नसली तरी मागणीपत्रात ही कलमं लिहायला कुणाची आडकाठी नाही. व्यवस्थापनाशी होणाऱ्या पुढच्या करारात "प्रत्येक प्रतिनिधीला वर्षातून अमुक दिवस पगारी प्रशिक्षण रजा" अशी ओळ घाला. आमच्याकडे पहिल्या करारात मिळाली नाही, दुसऱ्यात थोडी मिळाली.

तोवर पाळी बदलतानाचा अर्धा तास धरा. बायकांना वेळ विचारून ठरवा, आधी ठरवून मग कळवू नका. आम्ही असं केल्यावर वर्ग सकाळच्या पाळीआधी गेला, जो आम्हा पुरुषांना सुचलाच नसता. मुलं सोबत आली तर त्यांच्याकडे बघायला एक माणूस नेमा, आणि ते काम दर वेळी बाईकडे देऊ नका.

पाळीबदल:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं उत्तर मी तीनदा वाचलं. काल त्या प्रतिनिधीला घेऊन बसलो. टेबल, तीन खुर्च्या. सुपरवायझर व्हायला पॅकिंगमधला तोच मुलगा तयार झाला. काय बोलला तो! शब्द न शब्द. आमचा प्रतिनिधी दोनदा दाराशी अडला, तिसऱ्यांदा बसला. मग त्या मुलाकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी यायला हवं होतं मी." दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता खरी अडचण. ती सही केलेली खुलाशाची चिठ्ठी व्यवस्थापनाकडेच आहे. मुलाला प्रतही दिलेली नाही. मी आज रात्री त्याच्या नावानं पत्र तयार करू का?

वही-पेन:

पत्र आजच जाऊ दे, उशीर करू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी बोलावलं, दार लावलं होतं का, वाचायला वेळ दिला का, प्रतिनिधी मागू दिला का, एवढं लिहा. सही त्या परिस्थितीत घेतली असून ती आपल्याला मान्य नाही असं स्पष्ट लिहा आणि प्रत मागा. मसुदा वकिलांच्या नजरेखालून घाला, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

फक्त पत्र तुम्ही लिहू नका. त्या मुलाला सांगू दे, प्रतिनिधीला लिहू दे. तुम्ही शेजारी बसा. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. पोच घ्यायलाही त्या दोघांनाच पाठवा.