मदत हवी आहे: अचानक आलेल्या अडचणीसाठी रोजच्या इंग्रजीत कुठलं क्रियापद?

मी सीबीडी बेलापूरला एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग ऑफिसात एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते. माल न्हावा शेवा बंदरातून जातो आणि परदेशातल्या पार्ट्यांना रोज काही ना काही कळवावं लागतं. ट्रेलर करळ फाट्याला अडकला, शिपिंग बिलात (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदात) एचएस कोडचा, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या आकड्याचा, घोळ झाला, कट-ऑफ (जहाजासाठी कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ) हुकला म्हणून कंटेनर पुढच्या जहाजावर गेला. आमच्याकडे या सगळ्याला एकच वाक्य: ‘वी आर फेसिंग सम इश्यूज.’ ट्रॅफिक असो, कस्टम्स असो की सर्व्हर डाऊन असो, फेसिंग! चूक नाही, पण सरकारी नोटिशीसारखं वाटायला लागलंय.

शेजारच्या टेबलावरून ‘एन्काउंटर’ सुचवण्यात आलं. मुंबईकराला त्यावर आधी पोलीस आठवतात ते सोडा, पण मला तो शब्द संगणकाच्या एरर मेसेजमधला वाटतो. ‘रन इन्टू’, ‘हिट’, ‘कम अक्रॉस’, ‘मीट विथ’ हे वाचनात येतात. डिक्शनरीत सगळ्यांचे अर्थ जवळपास सारखेच, म्हणून गोंधळ. ‘द ट्रेलर रॅन इन्टू अ प्रॉब्लेम’ लिहिलं तर ट्रेलर कशावर तरी आदळला असं नाही ना वाटणार? मेल इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टो बंदराला जातात, तिथल्यांना सहज वाटेल असं हवंय. कृपया पुस्तकं सुचवू नका, वाक्यं द्या.

प्रतिसाद:
‘रन इन्टू’ बिनधास्त वापरा. पुढे ‘प्रॉब्लेम’, ‘ट्रबल’, ‘डिले’ असं काही असलं तर आदळण्याचा अर्थ लागत नाही. पुढे डिव्हायडर किंवा भिंत आली की मात्र अपघातच, आणि माणूस आला की अवचित गाठ पडली. ‘वी हॅव रन इन्टू अ प्रॉब्लेम विथ द शिपिंग बिल.’ इथे ‘हॅव रॅन’ नको, ते बऱ्याच मेलमध्ये दिसतं. यात ‘आपलं काम नीट चाललं होतं आणि मधेच हे उपटलं’ असा भाव आहे. त्यामुळे दर पावसाळ्यात ठरलेल्या खोळंब्याला ते शोभत नाही.

‘हिट अ स्नॅग’ त्याहून हलकं. स्नॅग म्हणजे मुळात नदीत पाण्याखाली दडलेला झाडाचा बुंधा, ज्याला नाव अडते. एचएस कोडच्या घोळाला चपखल. कंटेनर समुद्रात पडला तर कृपया स्नॅग म्हणू नका :)

‘कम अक्रॉस’ अडचणीसाठी नकोच. कागद चाळताना काही नजरेस पडलं तर ठीक: ‘वी केम अक्रॉस अ मिसमॅच इन द इनव्हॉइस.’ ‘मीट विथ’ आपल्या पेपरांत अपघातासाठी सर्रास असतं, तिकडे बोलताना ‘हॅड ॲन ॲक्सिडेंट’ म्हणतात.

दुसरा प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर, पण त्यात दर वेळी ‘वी’ आहे. मराठीत अडचण आपणहून येते, तसंच इंग्रजीतही करता येतं. ‘समथिंग हॅज कम अप ॲट द पोर्ट, आय विल अपडेट यू बाय इव्हनिंग.’ कारण अजून कळलं नसेल तेव्हा हे फार सोयीचं. अधूनमधून उगवणाऱ्या बारीकसारीक कटकटींना ‘क्रॉप अप’. ‘अराइज’ रिपोर्टसाठी राखून ठेवा.

पण तुमच्या पार्टीला माल कुठे आहे हेच हवं असतं ना? मग ‘इश्यू’ हा शब्दच काढा. ‘द शिपमेंट इज हेल्ड अप ॲट कस्टम्स.’ ‘द ट्रेलर इज स्टक इन ट्रॅफिक आउटसाइड द पोर्ट.’ फक्त ‘द ट्रक वॉज हेल्ड अप’ एवढंच लिहून थांबू नका, ट्रक लुटला असाही त्याचा अर्थ होतो. कुठे, कशामुळे ते जोडा.

धागाकर्ती:
दोघांनाही धन्यवाद! लुटीचं माहीतच नव्हतं. कट-ऑफ हुकल्यावर आम्ही ‘द कंटेनर हॅज बीन रोल्ड टू द नेक्स्ट व्हेसल’ लिहितो, ते चालेल ना? आणि ‘फेस’ आता कायमचं हद्दपार करायचं का?

दुसरा प्रतिसाद:
‘रोल्ड’ शिपिंगवाल्यांचा नेहमीचाच शब्द, राहू द्या. ‘फेस’ही टाकू नका. समोर दिसत असलेल्या किंवा लांबणाऱ्या गोष्टीला तेच बरं: ‘वी आर फेसिंग अ टू-वीक डिले.’ त्यापुढे ‘विथ’ तेवढं लावू नका. ‘विथ’ हवंच असेल तर ‘वी आर फेस्ड विथ’ असं लिहा.