नकार पचवायला देव लागतो का?

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता)

स्पर्धा परीक्षेच्या निकालाची पीडीएफ उघडायची, शोधायच्या चौकटीत आपला बैठक क्रमांक टाकायचा आणि काहीच सापडलं नाही म्हणून पुन्हा एकेक आकडा तपासून टाकायचा. हे मी तीनदा केलंय. तिसऱ्या वेळी मुलाखत देऊन आलो होतो, पावणेदोन गुण कमी पडले. सदाशिव पेठेतलं ते माझं सहावं वर्ष.

त्याआधी मी खंडोबाला बोललो होतो: यादीत नाव आलं तर दंडवत घालत गड चढीन. नाव आलं नाही. खोलीवर येऊन टेबलावरचा देवाचा फोटो कपाटात उलटा ठेवला. आईचा फोन आठ दिवस उचलला नाही. मेसच्या मावशींनी डबा वर पाठवला, तोही तसाच परत गेला.

मग आत्याचा फोन आला. ती गावच्या दिंडीतून दरवर्षी आळंदीहून निघते. निकालाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "पुण्यात मुक्काम आहे आमचा. माझा गुडघा धरलाय, पिशवी उचलायला माणूस पाहिजे. ये." मी पिशवी उचलायला गेलो. दिवेघाट चढलो, सासवडला सोडून परत फिरायचं असं ठरवलं होतं. फिरलो नाही.

सासवडनंतर जेजुरी येते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पालखीवर भंडारा उधळत होते आणि मी गडाकडे पाठ करून उभा. आत्याला नवसाचं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "सौदा फिसकटला म्हणून सोयरीक मोडायची का रे?"

पंढरपूरपर्यंत मला कोणी गुण विचारले नाहीत. नावसुद्धा फारसं कोणी विचारलं नाही, सगळ्यांनाच माऊली म्हणायचं. वाल्ह्याच्या मुक्कामी सत्तरीचे एक आजोबा माझ्या पायाशी वाकले. त्यांच्या लेखी तो रोजचा रिवाज. मी मात्र रस्त्याकडेला बसून रडलो, कारण सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे वाकलं होतं आणि त्यासाठी मला काहीही पास व्हावं लागलं नव्हतं.

अभ्यासिकेतले मित्र म्हणतात ही पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. श्रद्धेने पद मिळत नाही, पण पद नसलेल्या माणसाला उभं राहायला जागा मिळते. तुमचं काय मत?

माणदेशी

दादा, तुमचं लिहिणं खरं आहे म्हणूनच उत्तर देतोय. माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे. तुमच्यासारखाच पेठेत, फक्त वर्षं जास्त. खुल्या गटाला ३८ पर्यंत फॉर्म भरता येतो, म्हणजे अजून दोन वर्षं घरात कुणी काही बोलायचं नाही.

त्याला थांबू दिलं नाही ते श्रद्धेनेच. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा आई म्हणाली, देव परीक्षा बघतोय. दुसऱ्या वेळी तालुक्याच्या गावी एका महाराजांकडे नेलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी योग आहे. योग दरवर्षी पुढच्याच वर्षी असतो. दोन एकर गहाण पडलं. वडिलांनी भिंतीवर 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' लावलंय. त्याखाली बसून भाऊ जेवतो आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

नकार हीसुद्धा एक माहिती असते. हा रस्ता तुझा नाही, दुसरा बघ, असं ती सांगत असते. आमच्या घरात ती आत येण्याआधीच देवाने दारात अडवली. आता मला सांगा, श्रद्धा आणि डोळ्यावर ओढलेली पट्टी यातला फरक आतल्या माणसाला कळतो कसा?

सांजवात

माझा नकार वेगळा, पण याच घरातला. मी नर्स आहे. २४ ते ३१ या वयात मला बघायला सतरा स्थळं आली. एकाला उंची कमी वाटली, एकाला रात्रपाळी नको होती, तिघांना पत्रिकेत मंगळ दिसला. प्रत्येक नकारानंतर आमच्याकडे एक नवीन व्रत यायचं. सोळा सोमवार दोनदा झाले. मंगळाची शांत झाली. नकार त्यांनी दिला आणि उपास मी केला.

एका सोमवारी वॉर्डात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा आमच्या मेट्रन बाईंनी विचारलं, "कशासाठी उपाशी आहेस?" मला उत्तर देता येईना. ज्याने मला नाकारलं तो दुपारी पोटभर जेवला असेल आणि देवाची समजूत मी घालत होते, जणू चूक माझी होती.

पाहुणे, तुम्हाला दिंडीत जे मिळालं त्याचा मला हेवा वाटतो, अगदी मनापासून. पण आपल्याकडे निराश पोरीला कोणी पिशवी उचलायला बोलावत नाही. तिला व्रताची पोथी देतात. त्या पोथीने मला धीर दिला नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे हे दर आठवड्याला वाचून दाखवलं.

पेठेतला पाहुणा

सांजवातताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे मला दिसलं नव्हतं, कारण माझ्यावर कोणी व्रत लादलं नाही.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्याजवळ आहे. मी या वर्षी फॉर्म भरलेला नाही. निरेच्या काठी पादुकांना स्नान घालतात, तिथे बसून ठरवलं. नवस होता तोवर मला थांबता येत नव्हतं, कारण थांबणं म्हणजे देवावर विश्वास नाही असं कबूल करणं. नवस गळून पडला तेव्हाच मला परीक्षा सोडता आली. तुमच्या भावाला जे धरून बसलंय तेच मलाही धरून बसलं होतं. मला त्यातून सोडवणारी गोष्टही श्रद्धाच होती, फक्त तिच्यात मागणं नव्हतं.

माणदेशी

तुमच्याकडे आत्या होती. माझ्या भावाकडे महाराज होता. मग काम श्रद्धेने केलं की माणसाने? आत्याने तुम्हाला शेतात भांगलायला बोलावलं असतं तरी तुम्ही सावरला असता, असं मला वाटतं.

टाळकरी फलटण

पोरांनो, मी ३१ वाऱ्या केल्या. माणदेशी बाळा, तुझा राग योग्य आहे आणि तो सांप्रदायाच्या बाहेरचा नाही. आमचे तुकोबा नवसाच्या देवावर जेवढे तुटून पडले तेवढा कोणी नास्तिक पडला नसेल. तुझ्या वडिलांनी भिंतीवर अर्धीच ओळ लावली आहे. पुढे 'चित्ती असो द्यावे समाधान' आहे. ते समाधान तुझ्या भावाच्या चित्तात नाही हे तुला जेवताना रोज दिसतं. मग ती पाटी त्या घरात काय करते आहे, हे वडिलांना विचार.

तुकोबांचं काय झालं ते बघा. १६३०च्या दुष्काळात धंदा बसला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. यातलं काहीही देवाने परत दिलं नाही. त्यांनी काय केलं? घरात लोकांची कर्जखतं होती. परंपरा सांगते की धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. स्वतः बुडालेल्या माणसाने दुसऱ्यांची देणी बुडवली. मग लिहिलं, 'बरे झाले देवा निघाले दिवाळे.' हे दिवाळं निघाल्यावर लगेच सुचलेलं नाही. एवढं सगळं भोगून झाल्यावर आलं आहे. म्हणून दुसऱ्याच्या जखमेवर हा अभंग लावायला जाऊ नये. तो ज्याचा त्याने म्हणायचा असतो.

आणखी एक सांगतो, जे टीव्हीवर दिसत नाही. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर रात्री समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोळा होतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतो, तसे सगळे टाळ थांबतात. एवढ्या माणसांत एकदम शांतता. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो आणि तक्रार ऐकून घेतली जाते. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या निघायची वेळ सांगतात. आरती त्याच्यानंतर.

तक्रार आरतीच्या आधी ऐकायची, ही आमची रीत आहे. ज्या घरात निराश माणसाला 'गप्प बस, देवाची इच्छा' म्हणतात, त्या घराने आमची रीत घेतलेली नाही. सांजवात बाई, तुम्ही टाळ वाजवत होता आणि कोणी थांबून ऐकलं नाही. यात तुमची चूक नव्हती.

रानजाई

मध्येच एक. मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून राहवत नाही. आठ दिवस फोन न उचलणं, डबा परत जाणं, हे वाचताना मला देवाचा प्रश्न दुय्यम वाटला. निकालानंतर झोप उडाली असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर वारीची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. माणदेशी, भावासाठी तुम्हीही फोन करू शकता. देव मानणाऱ्यांनीही करावा आणि न मानणाऱ्यांनीही.

मंगळवेढ्याची लेक

टाळकरी काका, तुमचा मान राखून बोलते. तक्रार ऐकून घ्यायची रीत आहे म्हणालात. आमच्या चोखोबांनी केवढे टाळ वाजवले, कोणी ऐकलं?

त्यांच्याएवढा नकार कोणी पचवला नसेल. ज्या देवासाठी जीव टाकला त्याच्याच दारातून हाकललं. आपलं हे जगणं मागच्या जन्मीच्या दोषामुळे, असंही त्यांच्या नावच्या अभंगात येतं. तिथे मला थांबावंसं वाटतं. निराशेला श्रद्धेचं उत्तर हेच का, की मार देणाऱ्याऐवजी मार खाणाऱ्याने आपलाच दोष शोधावा? सांजवातताईंचा सोमवार आणि हे मला वेगळं वाटत नाही. शेवटी मंगळवेढ्यात वेशीचं बांधकाम अंगावर कोसळून गेले, १३३८ साली. समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, बाहेर. ते दार आमच्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं तेव्हा. सहाशे वर्षं.

बाबासाहेबांनी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह केला. वर्षानुवर्षं दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नकाराला दिलेलं हे उत्तर मला जास्त खरं वाटतं. दारातच तिष्ठत राहायचं नाही.

पेठेतला पाहुणा

ताई, बरोबर आहे. पण बाबासाहेब तिथून श्रद्धेच्या बाहेर गेले असं म्हणता येईल का? १९५६ साली नागपूरला त्यांनी धम्म घेतला. म्हणजे माणसाला काहीतरी आधार लागतो हे त्यांनीही मानलंच ना?

मंगळवेढ्याची लेक

मानलं. पण त्यांच्या धम्मात नकार देणाऱ्याचं समर्थन करणारा देव नाही आणि मागच्या जन्मीचं पाप म्हणून आजचा अन्याय सोसायला सांगणारं कोणी नाही. आधार हवा, एवढ्यावर आपण दोघं एक आहोत. तो आधार मला उभं करतो की बसवून ठेवतो, हे मी आधी विचारणार.

आणि तरी चोखोबा माझ्याकडून सुटत नाहीत. बाबासाहेबांकडूनही सुटले नाहीत. १९४८ साली त्यांनी अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं इंग्रजी पुस्तक काढलं. ते ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलंय त्यात नंदनार, रविदास आणि आमचे चोखोबा आहेत.

माझे वडील शिक्षक होते, बुद्धवंदना रोज. पंढरपूरला एकदाच गेले, मला घेऊन. मी दहावीत होते. नामदेव पायरीजवळच्या चोखोबांच्या समाधीपाशी खूप वेळ उभे राहिले. मी म्हटलं, आत जाऊया, आता कोणी अडवत नाही. ते म्हणाले, "ज्याला भेटायला आलो तो इथे आहे." मग चप्पल घातली आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो. ती श्रद्धा होती की नकार, हे मला अजून सांगता येत नाही.

सांजवात

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

माणदेशी

मला पटलेलं नाही हे आधी सांगतो. आत्या भेटणं हे नशीब आहे, आणि नशिबावर कुणाचं आयुष्य सोडता येत नाही. रानजाईताई, क्रमांक लिहून घेतला, उद्या फोन करतो. भिंतीवरच्या पाटीबद्दल काल वडिलांशी बोललो. काढली नाही त्यांनी. पण विचारलं, "त्याला खरंच असं वाटतं का रे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

टाळकरी काका, तुमची दिंडी फलटणला कोणत्या दिवशी असते? वारीला येत नाही मी. भाऊ म्हणाला, पिशव्या उचलायला माणूस लागत असेल तर एक दिवस येतो.

टाळकरी फलटण

तिथी लागली की कळवतो. मुक्काम विमानतळाच्या मैदानावर असतो. माणूस लागतोच. पाण्याचा टँकर आला की धावपळ होते, तेव्हा चार हात जास्त असले तर बरं. जेवूनच जा म्हणावं.