मदत हवी आहे : एचओ मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर मागच्या बाजूला इंजिन मंदावतं, टेबलाखाली शिरता येत नाही

शंटर६२ (धागाकर्ता)
निवृत्तीनंतर रोज चालवला जाणारा एचओ लेआउट आहे (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचा). आठ बाय चार फुटांचा प्लायवूड, निकेल सिल्व्हरचे कोड १०० (०.१ इंच उंचीचे) रूळ, एक अंडाकृती मेन लाइन आणि आतल्या बाजूला वळणारी एक सायडिंग (बाजूची लाइन). कंट्रोलर साधा, १२ व्होल्ट डीसी. वायरची एकच जोडी आहे, ती समोरच्या रुळांना जोडलेली. समोर इंजिन छान पळतं, मागे गेलं की वेग निम्मा होतो. पॉइंटवर (जिथे सायडिंग फुटते तिथे) हळू नेलं तर थांबतं, बोट लावलं की निघतं. इंजिनं दोन आहेत, दोघांचंही तेच. मल्टिमीटर मात्र मागेसुद्धा १२ व्होल्टच दाखवतो.

दोष नेमका कुठे शोधू? रूळ सँडपेपरने घासावेत का? गुडघ्यांमुळे टेबलाखाली बसता येत नाही आणि हात किंचित थरथरतो, त्यामुळे सगळं वरूनच करता येईल अशी पद्धत हवी आहे.

लूपलाइन
काका, मोकळ्या रुळावरचं रीडिंग इथे फसवं आहे. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून सैल जॉइनरमधूनही (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) पूर्ण व्होल्टेज दिसतं. तपासणी लोडवर करायची.

गाडीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब घ्या. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे साधारण एका इंजिनाइतका. दोन क्रोकोडाइल क्लिप लावून मागच्या बाजूला दोन्ही रुळांमध्ये जोडा. बल्ब तापतो, प्लॅस्टिक स्लीपरपासून लांब ठेवा. कंट्रोलरचा नॉब सावकाश वाढवा, कारण थंड फिलामेंट सुरुवातीला जास्त करंट खेचते आणि ओव्हरलोड ट्रिप होऊ शकतो.

आता मीटरची एक पिन जॉइनरच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, पण एकाच रुळावर. चांगल्या जॉइनरवर काही मिलिव्होल्ट दिसतील, खराब असेल तर एकदम पाव व्होल्ट, एक व्होल्ट. असं करत दोन्ही बाजूंनी बल्बपर्यंत या. पॉइंटच्या जिभेचं (सरकणाऱ्या रुळाचं) टोक आणि त्याला टेकलेला रूळ यांच्यातही मोजा.

बॅलास्ट
सँडपेपर नको. चरे पडतात आणि त्यातच काजळी बसते. स्टील वूल तर अजिबात नको, त्याचे बारीक कण मोटरच्या मॅग्नेटला चिकटून आत जातात. धागे न सुटणारं सुती कापड मिनरल टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर करून पुसा, मग कोरड्या कापडाने. वास पूर्ण गेल्याशिवाय गाडी चालवू नका, ठिणगी पडते.

चाकंही तितकीच महत्त्वाची. रुळांवर टिश्यूचा पाण्याने ओलसर केलेला तुकडा आडवा ठेवा, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर. वरून हाताने धरून चाकं फिरू द्या, काळे पट्टे उमटतील. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. डब्यांना प्लॅस्टिकची चाकं असतील तर जमेल तशी धातूची लावा. प्लॅस्टिकच्या चाकांवर मळ लवकर साठतो आणि तीच तो सगळीकडे पसरवतात.

शंटर६२ (धागाकर्ता)
बल्ब लावून मोजलं. समोर १२.०, मागे ८.६. बाहेरच्या रुळावर सगळं मिळून ०.२. आतल्या रुळावर डावीकडच्या एका जॉइनरवर ३.०, आणि उजवीकडे पॉइंटच्या जिभेपाशी २.९. पॉइंटचा फ्रॉग (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लॅस्टिकचा आहे.

लूपलाइन
मग दोष सापडला. अंडाकृती मार्गावर करंट दोन्हीकडून येतो, त्यामुळे एकच बाजू खराब असती तर दुसरीने भागवून नेलं असतं. तुमच्याकडे आतला रूळ दोन्ही बाजूंनी अडला आहे. मेन लाइनचा आतला रूळ पॉइंटमध्ये फक्त जिभेच्या स्पर्शावर चालतो, तिथे थोडी धूळ आली की संपलं.

जीभ आणि रूळ यांच्यात ओलसर कागदाची पट्टी धरून ओढून घ्या, दोन-तीनदा. तेल घालू नका. हे तात्पुरतं झालं. कायमसाठी जीभ ज्या स्थिर रुळाला टेकते त्या रुळापासून जिभेच्या बिजागरीपलीकडच्या रुळापर्यंत बारीक लवचीक वायर सोल्डर करा. दोन्ही जिभांना आपापल्या शेजारच्या रुळाची, वेगवेगळी वायर. यानंतर सायडिंग कायम चालू राहील, तिथे इंजिन उभं करायचं असेल तर वेगळा स्विच लागेल. धातूचा फ्रॉग असलेल्या पॉइंटवर हा उपाय करू नये, शॉर्ट होईल.

फीडरवाला
मागच्या बाजूला फीडरची (रुळांना वीज देणाऱ्या वायरची) दुसरी जोडी द्याच. निकेल सिल्व्हर तांब्यापेक्षा कित्येक पट खराब वाहक आहे, रुळालाच वायर समजून चालत नाही. टेबलाखाली जायची गरज नाही. दीड एमएमची लाल-काळी मुख्य वायर बोर्डाच्या बाहेरच्या कडेवरून क्लिपने फिरवा आणि मागे कडेवरच कनेक्टर पट्टी स्क्रूने बसवा. बोर्ड भिंतीला चिकटून असेल तर आधी पुढे ओढून घ्या. रुळापासून कडेपर्यंत ०.५ एमएमची वायर वरूनच न्या, नंतर बॅलास्टखाली (रुळांमधल्या खडीखाली) झाकली जाते. आतल्या रुळाची वायर दोन स्लीपरच्या मधून, बाहेरच्या रुळाखालून काढा. लाल बाहेरच्या रुळाला, काळी आतल्या. एकदा उलटं झालं की थेट शॉर्ट.

सोल्डरिंगमध्ये स्लीपर वितळतात ते बहुतेक कमी वॉटच्या आयर्नमुळे, कारण तो जास्त वेळ टेकवून धरावा लागतो. ६० वॉटचा घ्या, टोक स्वच्छ. रुळाची बाजू फाइलने चकचकीत करा, रोझिन फ्लक्स लावा (ॲसिड फ्लक्स नको, नंतर गंजवतो). रूळ आणि वायर दोन्हीवर आधी वेगवेगळा सोल्डर चढवा, मग वायर टेकवून दोन सेकंद. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. हात थरथरत असेल तर वायर हातात धरूच नका. वायर आधी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवा, टोक रुळाला आपोआप टेकलेलं राहील असं वाकवा आणि मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवा. डोक्याला लावायचा भिंगाचा चष्मा इथे फार उपयोगी.

सगळेच जॉइनर सोल्डर करून टाकू नका. दमट हवेत प्लायवूड फुगतो-आकसतो, काही सांधे मोकळे नसले तर रूळ वाकडा होतो. डावीकडचा खराब जॉइनर मात्र बदलाच. जुना पक्कडीने दाबला तर काही दिवस चालतो आणि पुन्हा सैल होतो.

बॅलास्ट
आणि बॅलास्टचा गोंद ओतण्याआधी बल्ब पुन्हा एकदा लावून मागचं व्होल्टेज मोजा. समोरच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर अजून एखादा सांधा राहिला आहे. गोंद वाळल्यावर तो उघडणं अवघड. ओतताना पॉइंटच्या जिभांवर टेप लावून ठेवा.