घरी जोडलेली रिकंबंट ट्राइक : साखळी कुठे तोडावी आणि पुढची चाके का घासतात?

प्रश्न
नमस्कार. मणक्याच्या त्रासामुळे साधी सायकल सोडावी लागली, म्हणून पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, पाठ टेकून चालवायची रिकंबंट ट्राइक मी सुट्या भागांत घेतली असून गेले तीन रविवार ती गच्चीवर जोडत आहे. सांगाडा, आसन, 20 इंची पुढची चाके आणि डिस्क ब्रेक बसले आहेत, पण दोन ठिकाणी काम अडले आहे. साखळीचे तीन तुकडे मिळाले आहेत, ते जोडल्यावर एकूण लांबी किती ठेवावी? शिवाय ट्राइक ढकलताना हँडल सरळ असूनही पुढचे टायर फरशीवर खरडल्यासारखा आवाज करतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद
साखळीला हात लावण्याआधी बूम, म्हणजे पेडलचा भाग ज्या पुढच्या नळीवर असतो ती, तुमच्या पायांच्या मापाने पक्की करा. नेहमीचे बूट घालून आसनावर पाठ पूर्ण टेकून बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत दूर असताना गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण साखळी पुढे जाते आणि परतही येते, त्यामुळे बूम 1 इंच पुढे सरकवली की साखळी 2 इंच, म्हणजे 4 कड्या, जास्त लागते. त्यानंतर पुढचे आणि मागचे सर्वांत मोठे दातेरी चक्र घेऊन साखळी ओवा. तेव्हा डिरेल्युअरचा, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या भागाचा, दांडा पुढे ताणला गेला तरी त्यात थोडी ढील उरावी, तेवढी लांबी ठेवा. तोडण्यापूर्वी साखळी प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून आणि पुलीवरून नेलेली असू द्या.

दुसरा प्रतिसाद
खरडण्याचा आवाज बहुधा चाके एकमेकांना समांतर नसल्याचा आहे. हे मोजायला महागडे साधन लागत नाही. हँडल सरळ ठेवून दोन्ही रिमांच्या पुढच्या कडेला, आसाच्या उंचीवर, खडूची खूण करा आणि खुणांमधले अंतर मोजा. मग त्या खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत ट्राइक पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. तीच खूण दोन्हीकडे वापरल्याने रिम किंचित वाकडी असली तरी माप चुकत नाही. पुढचे अंतर मागच्यापेक्षा 1 ते 2 मिलिमीटर कमी असावे. ते याहून बरेच कमी असेल तर टायर लवकर झिजतात, आणि जास्त असेल तर वेगात ट्राइक अस्थिर वाटते.

दुरुस्ती टाय रॉडने, म्हणजे पुढची चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याने, होते. अनेक टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे लॉकनट सैल करून रॉड नुसता फिरवला तरी लांबी बदलते. रॉड आसाच्या मागे असेल तर लांबी वाढवल्याने चाकांच्या पुढच्या कडा आत येतात, पुढे असेल तर उलट घडते. दोन रॉड असल्यास दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर हँडल मध्यावर राहणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मोजले तेव्हा पुढचे अंतर मागच्यापेक्षा 7 मिलिमीटर जास्त निघाले. रॉड मागे असल्याने तो हळूहळू लांबवला. आता पुढे 1 मिलिमीटर कमी आहे आणि आवाज पूर्ण थांबला. बूमही सुमारे 2 इंच मागे घ्यावी लागली. साखळी आधीच तोडली असती तर ती 8 कड्यांनी लांब पडली असती.

दुसरा प्रतिसाद
फारच छान. मात्र रस्त्यावर नेण्यापूर्वी पेडलवर टाचेचे पट्टे किंवा क्लिपचे बूट अवश्य वापरा. या ट्राइकवर पाय पेडलवरून निसटला तर तो जमिनीला लागून सांगाड्याखाली ओढला जातो आणि घोट्याला गंभीर इजा होऊ शकते. दोन्ही पुढच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळ्या लिव्हरवर असतील, तर ते सारखे लागतात का, हे आधी मोकळ्या जागेत, कमी वेगात तपासा. एकच बाजू जोरात धरली तर ट्राइक त्या बाजूला खेचली जाते.