अभ्यासाचे व्हिडिओ बघण्यातच दिवस जातो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

वय २७, मूळ परभणीकडचा. तीन वर्षं झाली, सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. मोबाइलचं व्यसन म्हटलं की लोकांना रील्स आठवतात. माझं तसं नाही. मी 'अभ्यासाचेच' व्हिडिओ बघतो. टॉपरच्या मुलाखती, पुस्तकांच्या याद्या, 'शेवटच्या ९० दिवसांत काय कराल', कुणी बारा तास अभ्यास करत बसलाय त्याचं नुसतं चित्रीकरणसुद्धा. घरून फोन आला की 'लेक्चर बघतोय' सांगतो, आणि ते खोटंही नसतं. तिथंच तर गोची आहे.

२०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. ९ पेपर, १७५० गुण, पानंच्या पानं हाताने लिहायची. म्हणून उत्तरलेखनाचे व्हिडिओ सुरू केले. प्रस्तावना किती ओळींची, आकृती कुठे काढायची, सगळं तोंडपाठ आहे. जूनमध्ये २०० पानी वही आणली होती. परवा मोजली. लिहिलेली पानं अकरा, त्यातलं पहिलं नाव-तारखेचं.

सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो. एखादी शंका येते, समजा कलम ३५६ची. फोन काढतो. व्हिडिओ १४ मिनिटांचा. तो संपेपर्यंत पुढचा तयारच. मान वर करतो तर शेजारचा मेसला निघालेला असतो आणि माझ्या पेनाचं टोपणही निघालेलं नसतं. रविवारी फोनने हिशेब दाखवला: यूट्यूब ६ तास ४२ मिनिटं.

डिजिटल वेलबीइंगमध्ये एक तासाची मर्यादा लावून पाहिली. तास भरला की आयकॉन करडा होतो, मग मीच सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढतो. कुलूप माझं, किल्लीही माझ्याच खिशात. अ‍ॅप डिसेबल केलं, तर क्रोममधून बघितलं. बटणांचा साधा फोन घ्यावा तर क्लासची लेक्चरं, पीडीएफ, चालू घडामोडी सगळं मोबाइलवरच. दारू सोडायचीय आणि नोकरी गुत्त्यात, असं झालंय.

वडिलांनी या महिन्यात सोयाबीन विकून पैसे पाठवलेत. त्यांना हे सांगायची हिंमत नाही. 'इच्छाशक्ती वाढव' सोडून काहीही सांगा.

पेठेतला माजी:
भावा, चार अटेम्प्ट याच खड्ड्यात घालवलेत. वॉच हिस्टरी पूर्ण पुसून बंद कर. मग होमवर एकही व्हिडिओ सुचवला जात नाही, हवं ते नाव टाकून शोधावं लागतं. ऑटोप्लेही बंद कर. आणि शंका आली की फोन काढू नकोस, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. संध्याकाळी एकदमच बघ. माझ्या निम्म्या शंका तोवर पुस्तकातच मिटायच्या.

सांगलीची मावशी:
बाळा, आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. एकेकट्याला जमत नाही म्हणून गावाने मिळून केलं ना? तू किल्ली खिशात ठेवूच नकोस, शेजारच्याकडे दे. झोप उडाली असेल, घरी बोलता येत नसेल तर १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलतात. आणि वडिलांना एवढं घाबरू नकोस रे.

धागाकर्ता:
आभार सगळ्यांचे. हिस्टरी परवा रात्री पुसली. होमचं पान कोरं बघून चक्क करमेना, दोनदा उगाच उघडून पाहिलं. काल शेजारच्याला फोन ठेवायला दिला तर तो म्हणाला, "माझाही तुझ्याकडे ठेव." तोही त्यातलाच निघाला! दुपारपर्यंत कलम ३५६ वर दीड पान लिहिलं. सवय नाही, अंगठा दुखतोय. मावशी, घरी अजून बोललेलो नाही, दिवाळीला गेलो की बघतो.

पेठेतले दादा, चालू घडामोडींचं तुम्ही काय करायचात? नुसत्या पेपरवर भागतं का?